अर्ध्या मनोऱ्याचा विमा

३ मार्च
आजपासून रोजनिशी. दूरदृष्टीच्या माणसाने नोंदी ठेवल्या पाहिजेत.
सकाळी बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि भाकरी खाताना बायकोने, इन्साफने, विषय काढलाच. गच्चीवरचा माझा कबुतरांचा लाकडी मनोरा वाऱ्यात हलतो म्हणे. ज्या दिवशी त्यापायी काही नुकसान होईल, त्या दिवशी तो उतरवायचा. मोनाचे बाबा, आता तुमचं वय झालं, असंही म्हणाली. संबंध कळला नाही.
मी शांतपणे सांगितलं की शास्त्रीय उपाय करतो. म्हणजे विमा. तिचा धाकटा भाऊ हातिम तेच विकतो. आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या निम्म्या दुकानांचा विमा त्याच्याकडे आहे.

५ मार्च, संध्याकाळ
हातिम आला. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या महशीची दोन ताटं संपवली आणि मग विमा समजावला. दाजी, विम्याने पडायचं थांबत नाही, पडल्यावर भरपाई मिळते, म्हणाला. एवढं मला कळतं.
त्याचं म्हणणं, मनोऱ्याची पूर्ण किंमत लिहा. मी म्हटलं, का? मी आयुष्यभर भूगोल शिकवला. खमसिन, म्हणजे वसंतातला वाळूचा वारा, दक्षिणेकडून येतो. पडला तर वरचा अर्धा पडेल. खालचा सिमेंटात रोवलाय. जे पडणारच नाही त्याचा प्रीमियम कशाला? अर्धीच किंमत लिहिली.
हातिमने कपाळाला हात लावला. अहो दाजी, अर्ध्याचा विमा काढलात तर कंपनी प्रत्येक नुकसानीत अर्धा वाटा तुमच्या गळ्यात घालेल! पोरगा अजून लहान आहे.

७ मार्च
पुन्हा हातिम. आपल्या वस्तूमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा वेगळा विमा असतो म्हणे. नको म्हटलं. दुसऱ्याचं डोकं ही दुसऱ्याची मालमत्ता, त्याने विमा काढावा.
शिवाय दर नुकसानीतला सुरुवातीचा थोडा भाग आपण सोसायचा असतो. तो जास्त ठेवला की प्रीमियम उतरतो. जास्तीत जास्त ठेवला. माझी नुकसानं छोटी नसतातच.

१८ मार्च
बयूमीचं राखाडी कबूतर शिट्टी मारून उतरवलं! बयूमी म्हणजे शेजारच्या गच्चीवरचा, कुनाफा ही शेवयांची मिठाई विकणारा. मनोरा बुटका, माणूस जाडा. गच्च्यांचा कायदा सरळ आहे: दुसऱ्याच्या मनोऱ्यात उतरलेला पक्षी त्याचा. तक्रार नाही, पोलीस नाही.
निरोप धाडला की तुझ्या पाखराला सुशिक्षित घर आवडलं. त्याने गच्चीवरून ओरडून सांगितलं, उस्ताद, आधी मनोऱ्याच्या दोऱ्या आवळा, घर उडून जाईल! अशिक्षित.
माझी कबुतरी सुलताना आज खांद्यावर बसून कान ओढत होती. पांढरी, शेपटी तेवढी काळी. खरं लिहायचं तर माझा तिच्यावर मोनापेक्षा... असो.

२ एप्रिल
पॉलिसी आली. सगळ्यांना दाखवली.
सुताराला येऊ नको सांगितलं. एक वासा कुजलाय, दोऱ्या ढिल्या आहेत, पण आता ती कंपनीची जबाबदारी. हातिमला कळलं तर फोनवर चिडला: दाजी, विमा नसता तर जशी काळजी घेतली असती तशीच घ्यायची असते! मी म्हटलं, मग विमा घेतला कशाला? या लोकांना स्वतःचाच धंदा कळत नाही.

२१ एप्रिल, शम्म अल-नसीम, वसंताचा सण
दुपार. आकाश पिवळं, तोंडात वाळू. सगळे खाली खारवलेला मासा खातायत. मनोरा कुरकुरतोय. निश्चिंत आहे.

नंतर
पडला. वरचाच अर्धा. हे नोंदवून ठेवतो, कारण कौतुक कुणी करणार नाही.
बयूमीच्या पाण्याच्या टाकीवर पडला. कुणाला लागलं नाही. बयूमीच्या घरात मात्र ताटातले खारवलेले मासे पुन्हा पोहू लागले असते इतकं पाणी झालं.
कबुतरं सगळी वाचली. बराच वेळ घिरट्या घातल्या, मी शिट्ट्या मारमारून थकलो. मग एकेक करून बयूमीच्या मनोऱ्यात उतरली. शेवटी सुलताना.
इन्साफ वर आली. चहा दिला. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल
कंपनीचा माणूस आला. कुजलेल्या वाशात पेन खुपसलं, आरपार गेलं. मी पॉलिसी दाखवली. नशिबाने त्याने वाऱ्याचं नुकसान म्हणूनच लिहिलं.
मी विचारलं, कबुतरांचं काय? तो म्हणाला, काका, विमा लाकडाचा आहे. मी मनात म्हटलं, लाकूड काय, कुठेही मिळतं.

६ मे
भरपाई आली. झालेल्या नुकसानीच्या अर्धी, त्यातून माझा सुरुवातीचा भाग वजा. तेवढ्या पैशांत बयूमीच्या टाकीचं फक्त झाकण आलं. टाकी माझ्या पेन्शनमधून. हातिम 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. गुणी पोरगा आहे, पण धंद्यात मागे पडणार.

९ मे
बयूमीकडे गेलो. सुलताना तेवढी मागितली. आयुष्यात त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. तो म्हणाला, उस्ताद, ती दिली तर उद्या सगळी गल्ली आपापली पाखरं मागायला येईल. मग खाली बघून म्हणाला, कुनाफा खाऊन जा. खाल्ला. चांगला होता.

११ मे
हातिम म्हणतो, आता उरलेल्या मनोऱ्याची किंमत आणि विम्याची रक्कम बरोब्बर जुळते. दाजी, आता तुमचा विमा अगदी पूर्ण झाला!
खालचा अर्धा खरोखरच मजबूत आहे. संध्याकाळी आत जाऊन बसलो. खुराडी रिकामी. वर बयूमीचा थवा फिरत होता, माझी त्यात मिसळून गेलेली, ओळखू येईनात. रडलो.
रात्रीच्या जेवणाला इन्साफला म्हटलं, उद्या सुताराला बोलावून उरलेला उतरवून टाकतो, तू म्हणाली होतीस ना.
ती म्हणाली, राहू द्या हो. आता त्याचा कुणाला काय त्रास?