अकराशे पानांचं मीठ

फुलचूर,
होळीनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप गोवर्धन भाऊजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे हुकुमचंदचा, वाकून नमस्कार. (वाकलं की मान ओढते, म्हणून हा नमस्कार कागदावरच पोचला असं समजावं.) तुमची शुगर आणि देवकाताईचे गुडघे कसे आहेत ते कळवा. फोन सोडून हे पत्र कायले, असं तुम्ही नक्की म्हणाल. एक तर पाच मिनिटं बोललो की घसा कोरडा पडतो. दुसरं म्हणजे मी फोन उचलला की आमची चमेली आणि लेक खुशबू, दोघींनाही नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं.

तर जिभेच्या कॅन्सरचं ते तेहतीस शेकांचं (म्हणजे रेडिएशनचं) प्रकरण नागपुरात उरकून आता दहा महिने झाले. तीस वर्षं लग्नांतून हजार-हजार पानांच्या पंगती उठवल्या, आणि मला स्वतःला दोन महिने नाकातल्या नळीतून पेज! (नळीतून चव कळत नाही, त्यामुळे तेव्हा तरी स्वयंपाकाला नाव ठेवायची सोय नव्हती.) आता डॉक्टर म्हणतात, कामाला लागा. कुडव्याच्या टिकेशभाऊनं अक्षय तृतीयेला मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक मलाच सांगितलाय, अकराशे पान. दोन सीझन घरी बसलेल्या आचाऱ्याला लोक विसरायला लागतात भाऊजी. हे लग्न बिघडलं तर मला पुढे कोणी बारशालाही बोलावणार नाही. हात परत आले, पाय परत आले, जीभ मात्र आली नाही. बुंदी खाल्ली काय आणि खडू खाल्ला काय, तोंडाला सारखंच. फोडणी वासावर जमते, तिखट डोळ्यांना कळतं, पण मिठाला वास नसतो हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं. मोजून घाल म्हणाल, तर अकराशे पानांचं वांगं किती पाणी सोडेल ते त्या वांग्यालाच ठाऊक.

म्हणून घरात तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी आलू-वांगं केलं. चमेली म्हणाली, मस्त. खुशबू म्हणाली, एकदम पहिल्यासारखं. मला हुरूप आला आणि थोडा संशयही आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठच घातलं नाही. मस्त! तिसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. त्या दिवशी रुख्माबाई भेटायला आली होती (पंधरा वर्षं माझ्या हाताखाली पुऱ्या लाटते, खोट्या स्तुतीची तिला सवय नाही). तिनं दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "एक नंबर जी महाराज! काऊन विचारून राहिले?" जेवणं झाल्यावर मी न्हाणीघराच्या खिडकीतून पाहिलं, तर चमेली मागच्या नळाखाली माझी भाजी धूत होती. वांग्याची एकेक फोड, हलक्या हातानं. मग तिनं तिला पुन्हा फोडणी दिली आणि रात्री तीच माझ्या पानात वाढली. मीही म्हणालो, मस्त.

त्यानंतर चुलीवरच्या गंजात सराटा घालून भाजी ढवळायलाच हात धजत नाही. या घरात मला आता कोणी काही खरं सांगत नाही. पूर्वी चमेली रस्सा पातळ झाला तरी शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. आता मी काहीही पुढे ठेवलं तरी ती गोड हसते, आणि ते हसणं मला शेकापेक्षा जास्त भाजतं. भाऊजी, मी फार घाबरलोय. परवा भट्टीपुढे बसून रडलो आणि घरच्यांनी विचारलं तर डोळ्यांत धूर गेला म्हणालो. (भट्टी पेटलेली नव्हती.)

असो. बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

आपला,
हुकुमचंद

ता. क. तुम्ही या घरचे जावई झाल्यापासून माझ्या हातचं एकही जेवण नावं न ठेवता जेवला नाहीत. माझ्या स्वतःच्या लग्नात तुम्ही कढीवरून रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला होता. मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या, त्या आज परत घेतो. लग्नाच्या चार दिवस आधी या. भट्टीजवळ तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवतो. प्रत्येक गंजातलं चाखा आणि पूर्वीसारखंच तोंड वाकडं करून बोला.

ता. क. दुसरा. मागच्या आठवड्यात तपासणीचा नवा रिपोर्ट आला. इंग्रजीत आहे. खुशबूनं वाचला आणि म्हणाली, सगळं छान आहे बाबा. त्याची झेरॉक्स या पाकिटात घातली आहे. तुम्ही तहसिलीत बाबू होता, तुम्हाला वाचता येईल. जे लिहिलं असेल ते मला तसंच्या तसं कळवा. फक्त ताईला त्यातलं काही सांगू नका. ती विचारेल, तेव्हा सगळं छान आहे म्हणा.