टाळ्या वाजवणारी मुलगी मी नव्हे

तुझ्या पुस्तकात खांबाखाली उभी राहून टाळ्या वाजवणारी ती दोन वेण्यांची बावळट मुलगी कोण? मी असेन, तर मला ती मंजूर नाही. आधी ते पान फाड, मग पुढचं वाच.

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (यंदा थोडे कमी पाठवलेत.) तुझे गुडघे कसे आहेत? बरे असू देत, लागणार आहेत. माझी तब्येत ठणठणीत, फक्त उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि त्याला कारण तू.

राष्ट्रीय दिनावर मुलांसाठी तू जे रंगीत पुस्तक लिहिलंस ते माझ्या नातीच्या वर्गात, आपल्याच जुन्या शाळेत, लावलंय. त्यात म्हणे दुष्ट वाऱ्याने झेंड्याची गाठ आवळली, सगळे हवालदिल झाले, आणि एक शूर मुलगा खांबावर चढून झेंडा सोडवून आला. वाऱ्याला तोंड नाही म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवतोस होय रे? त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. झेंडा बांधायचं काम तुझ्याकडे होतं, सुरगाठ मारायची तिथे तू निरगाठ मारलीस, आणि हेडमास्तर बिचारे दोरी ओढतायत, ओढतायत, वर गाठोडं तसंच. शूर मुलगा तेव्हा पाण्याच्या टाकीमागे बसून रडत होता. (नाक माझ्या फ्रॉकला पुसलंस, तेही पुस्तकात नाही.) चढले मी. गाठ दातांनी सोडवली, झेंडा उघडला तो थेट माझ्या तोंडावर, आणि खाली उतरले तर मुलीच्या जातीने खांबावर चढायचं असतं का म्हणून शाळेतून माझं नावच काढलं. तू पुढे शिकलास, लेखक झालास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, शाळा मला तशीही आवडत नव्हती. पण शाळा गेली ती गेली, आता खांबही घेतलास?

तरी मी गप्प बसले असते. (हसू नकोस.) पण नातीची पाळी आली, तिने ती गोष्ट वर्गात मोठ्याने वाचली आणि शेवटी आपल्या मनाचं जोडलं, की खांबावर माझी आजी चढली होती, मामाआजोबा टाकीमागे होते. बाई म्हणाल्या, छापलेलं खोटं नसतं. यंदा बाईंबरोबर झेंड्याची दोरी ओढायला पोरीला निवडलं होतं, ते काढून घेतलं. वर्गासमोर माफी माग, मग बघू, म्हणाल्या. पोरगी मागत नाही. माझा मुलगा तिच्या मागे लागलाय, एकदा सॉरी म्हणून टाक, तुझं काय जातं. मी तिला सांगितलं, खबरदार म्हणालीस तर. तेव्हापासून तो माझ्याशी भाजीतल्या मिठापुरतंच बोलतो.

मग मीच शाळेत गेले. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, पुराव्याशिवाय कसं मानायचं आम्ही?" म्हटलं, "खांब आहे ना जागेवर?" चपला काढल्या, कंबर कसली आणि लागले चढायला. शिपायाच्या टोपीच्या वर गेले होते मी, उगाच थोडकं समजू नकोस. तेवढ्यात बाईंनी खालून माझे दोन्ही पाय धरले आणि "आजी, पाया पडते, उतरा!" (पडायचं राहिलं काय होतं, पाय हातातच होते.) मी हिसका दिला आणि आले खाली. आता त्यांचं म्हणणं, खांब अर्धाही झाला नाही, म्हणून पुरावा धरता येत नाही. बघ, ही शिकलेली माणसं.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत मुलीला खांबावर चढव आणि मुलाला टाकीमागे बसव. चित्रकाराला सांग, टाकी सिमेंटची होती, आणि मुलाचं नाक वाहत होतं. आणखी काय लिहू? पाय स्टुलावर ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं आलंय, मजकूर सरळ आहे.

तुझी थोरली

ता. क. मुलगी देशासाठी चढली असं मात्र लिहू नकोस. झेंडा उघडल्याशिवाय खाऊ वाटणार नव्हते, आणि मला भूक लागली होती.

दुसरा ता. क. आवृत्तीचं राहू दे, ती निघेपर्यंत पोरगी म्हातारी होईल. राष्ट्रीय दिनाला शाळेने प्रमुख पाहुणा म्हणून तुलाच बोलावलंय, हे मला बाईंकडून कळलं. तुला सांगायला लाज वाटली असेल. तर ये. माइकवर उभा राहून खरं काय ते बोल आणि दोरी पोरीच्या हातात दे. बोलला नाहीस तर एक सांगून ठेवते. यंदा झेंडा शिपाई बांधणार आहे, आणि तो माझ्या पायाची चौकशी करायला रोज येतो. निरगाठ कशी मारायची ते त्याला दाखवून झालंय. झेंडा अडकला की अख्खी शाळा पुस्तकातल्या शूर मुलाकडे बघेल. म्हणून गुडघ्यांचं विचारलं.

उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. बायकोला पुढे करू नकोस, तिचं अक्षर मी ओळखते. टाकीमागून बाहेर ये आणि तूच लिही.