आईच्या दहा आवृत्त्या

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! सुरतेत रिंग रोडवरच्या कापड मार्केटात चौथ्या मजल्यावर ऑफिस. खाली साड्यांचे गठ्ठे, वर आम्ही पाच जण आणि एक एसी, तोही रुसलेला. कंपनी 'घडी' नावाचं सॉफ्टवेअर बनवते. साडीच्या डिझाइनरने काठ बदलला, मोर काढला, पुन्हा घातला, की घडी प्रत्येक बदलाची वेगळी आवृत्ती जपून ठेवते. शेठला कालचाच काठ आवडला तर एका क्लिकवर कालचा हजर.

माझं काम घडीच्या टेस्ट सांभाळायचं. टेस्ट म्हणजे आपोआप चालणारी परीक्षा. रविवार सोडून रोज सकाळी अकराला मशीन नमुन्याची फाइल घेतं, मागच्या आवृत्तीवर नेतं, तपासतं. नीट झालं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. आधी दीपक हे काम बघायचा, तो दिवाळीआधी सोडून गेला. आमचे साहेब भूपेंद्रभाई बोलायला गोड आहेत, निम्मं मराठी, निम्मं गुजराती.

आईने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. डिंडोलीत आता माझी नोकरी ठाऊक नाही असं कुत्रंही उरलं नसेल. पप्पा असते तर बरं झालं असतं. घरात आम्ही दोघीच, पण आज आईचा आवाज दहा जणींचा होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

दीपकच्या टेस्ट म्हणजे नुसता गोंधळ. 'मागे जा' या टेस्टमध्ये नमुना म्हणून कुणा शोभाबाईंचं आयुष्य टप्प्याटप्प्याने लिहिलंय. त्याची आईच. मला हसूच आलं. भूपेंद्रभाई म्हणाले, इथली रीतच आहे. जो टेस्ट सांभाळेल त्याने आपल्या घरच्या माणसाचं आयुष्य घालायचं. 'अबक' लिहिलं की कुणी लक्ष देत नाही, आपल्या माणसात चूक झाली की डोळ्याला खुपते.

मला पटलं. शोभाबाईंना काढलं आणि माझ्या आईला, सुभद्राबाईंना, बसवलं.

१. शिरपूरकडे जन्म. २. लग्न. ३. पप्पांबरोबर सुरतेला, पांडेसऱ्यात भाड्याची खोली. ४. अनुजा झाली. (म्हणजे मी!) ५. घरी साड्यांना लेस लावायचं काम घेतलं. ६. अनुजा दहावी पास. ७. डिंडोलीत स्वतःचं घर. ८. पप्पा गेले. ९. गुडघ्याचं ऑपरेशन. १०. अनुजाला नोकरी, पेढे.

आईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, एवढंच का गं माझं आयुष्य, दहा ओळींचं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेस्ट फार रेंगाळते, म्हणून आत शिरले. शेवटची ओळ अशी: 'परत शेवटच्या आवृत्तीवर आण.' वर दीपकची टीप: 'ही ओळ काढू नये.' अशा टिपा सगळेच लिहितात, कारण मात्र एकही पठ्ठ्या लिहीत नाही. मागे गेलो, तपासलं, झालं की! पुन्हा पुढे कशाला आणायचं? काढली. जागा वाचावी म्हणून सफाईही चालू केली. मागे जाताना सुटलेल्या आवृत्त्या आता आपोआप पुसल्या जातील.

उद्यापासून टेस्ट निम्म्या वेळात संपेल. भूपेंद्रभाई 'सरस!' म्हणाले. मी आज हवेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी घरी आले तर आई विचारते, इंटरव्ह्यू कसा झाला? चेष्टा वाटली. पेढ्यांचा रिकामा खोका दाखवला, तर म्हणाली, कुणाकडे बारसं होतं? दमली असेल बिचारी.

१० नोव्हेंबर, सोमवार

आई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढून आली. काठी न घेता. मी आनंदाने ओरडलेच. मग तेल लावायला बसले. गुडघ्यावर वीतभर टाक्यांची खूण होती. नाही. दुसराही गुडघा बघितला. आई हसायला लागली, म्हणाली, कसलं ऑपरेशन गं? हॉस्पिटलची फाइल काढली, आत कोरे कागद.

शनिवारी नोकरी गेली. आज गुडघा. यादीतलं दहा, मग नऊ. उद्या आठ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साडेनऊलाच ऑफिस गाठलं आणि ती ओळ परत घातली. घडीने घेतली नाही. 'पुढच्या आवृत्त्या सापडल्या नाहीत.' सफाईत गेल्या. सफाई मीच चालू केली होती, मी मूर्ख, मीच. अकराला टेस्ट चालली. हिरवी.

घरी आई कुंकू लावून दारात उभी. तीन ताटं वाढलेली. म्हणाली, पलसाण्याच्या मिलची बस उशिरा आहे वाटतं, तुझ्या पप्पांची पाळी तर कधीच सुटली. नऊ वाजेपर्यंत जेवली नाही. मीही त्या ताटाकडे बघत बसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज टेस्ट पुसून टाकली. ठिपका लाल. पाच मिनिटांत शेजारच्या चंचलबेनचा फोन, की आई गॅससमोर पळी धरून उभी आहे, दूध उतू जातंय, हाक मारली तरी पापणी लवत नाही, छातीसुद्धा हलत नाही. मी टेस्ट परत ठेवली, पण खोटं नाव घालून. लाल. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. लालच. फोनवर चंचलबेन रडायला लागल्या.

मग माझ्या हातांनी आईचं नाव टाइप केलं. हिरवं.

चंचलबेन म्हणाल्या, हलली, हलली! आणि विचारतेय, हे कुणाचं घर, मला पांडेसऱ्याला सोडा.

भूपेंद्रभाईंना सगळं सांगितलं. ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाले, चाले छे ने, चालतंय ना? मग हात नको लावूस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दीपकचा नंबर मिळाला. त्याने आधी एकच विचारलं, की त्यात शोभाबाईंचं नाव अजून आहे का. नाही म्हटल्यावर त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग म्हणाला, ती ओळ काढली नाहीस ना? काढली, म्हटलं.

शेवटी म्हणाला, थांबवायचा एकच रस्ता आहे. खऱ्या माणसाचं नाव घाल, ज्याचं आयुष्य तुला पुरतं ठाऊक आहे. तुझी आई आहे तिथेच थांबेल. मग दुसरं माणूस मागे जायला लागेल. माफ कर म्हणाला नि फोन ठेवला.

आईचे केस काळे झालेत. मला शाळेला उशीर होतो म्हणून रागावली. दहावीचं प्रमाणपत्र भिंतीवर नाही, नुसता खिळा.

मोजलं. उद्या पाच जाईल, परवा चार.

चौथ्यात मी आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात चहा देणाऱ्या पुष्पाबाईंशी बोलत बसले. माहेर, लग्न, नवऱ्याचा बंद पडलेला कारखाना, दोन मुली, धाकटी बारावीला. सगळं विचारलं. बाई भाबड्या, सांगत गेल्या. कुणी त्यांना इतकं विचारलंच नव्हतं म्हणे. मी टिपत होते. नऊ आवृत्त्या झाल्या. मला माझीच शिसारी येतेय.

दुपारी चहा आला तेव्हा माझा कप नव्हता. मागितला. त्या दचकल्या, म्हणाल्या, कधी आलात?

आईने उशी मांडीवर घेतलीय. थोपटतेय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

१०.४०. यादी तयार. एक बटण — पुष्पाबाईंचं नाव जाईल, आई राहील — तशीच राहील, उशी घेऊन — पण मी असेन तिच्याजवळ —

भूपेंद्रभाईंनी विचारलं, आप कौन? कोणाला भेटायचंय? —

१०.५१. पुष्पाबाई दारात फोनवर धाकटीशी भांडतायत. डबा विसरलीस म्हणून —

नाही होत. नाही करता येत मला. यादी फाडली. आई, माफ कर —

१०.५६. टेस्ट पुन्हा पुसू? — लाल होईल, ती गॅससमोर तशीच — नको. नको —

आईला फोन लावला. हळू बोल म्हणाली, पोर आत्ता झोपलीय. मी म्हटलं, आई, मीच ती. हसली. शिरपूरकडच्या बोलीत म्हणाली, चल! मग तू कोन शे?

आवाज किती कोवळा आहे तिचा —

१०.५९. विचारलं, पोर कशी आहे? — बापाच्या वळणावर, म्हणाली. रडत नाही फार. — विचारलं, नाव काय ठेवलंस? — लाजली. म्हणाली, अजून कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते, अ