बिऱ्हाडातला खिळा

ओझर,
११ फेब्रुवारी १९९९

प्रिय अमोल,

आज पहिली पाळी केली. घरी येऊन सकाळचं वरण गरम केलं. शेजारच्या पुतळाबाईंनी पोळ्या दिल्या होत्या. जेवलो आणि लिहायला बसलो. तुझ्या आईला जाऊन आज महिना झाला.

या कारखान्याच्या क्वार्टरला आपण कायम बिऱ्हाडच म्हटलं. घर म्हणजे गावचं. लग्नानंतर आईला इथे आणलं तेव्हा तुझ्या आजीने बजावलं होतं, "भिंतीला हात लावू नका. ते बिऱ्हाड. घर हे इथं, गावाला." मी ते पाळलं. आईने पंचवटीतून आरसा आणला, तर मी खिळा मारू दिला नाही. तो ट्रंकेवर टेकवून ठेवला. सव्वीस वर्षं ती खाली बसून वेणी घालत होती. गुडघे दुखायला लागले तेव्हा एकदा म्हणाली, "अहो, एकच खिळा. जाताना बुजवून देऊ." मी म्हणालो, "बिऱ्हाडात कशाला? रिटायर झालो की घरी लाव." पुन्हा तिने विचारलं नाही.

आणि घरी तरी तिचं काय होतं? दिवाळीला गेलो की तिची बॅग धान्याच्या कोठीपाशी. बायडाकाकू म्हणायची, "आले बाई पाहुणे." आई हसायची. मीही हसायचो.

तेराव्याला देवरामकाकाने गावच्या घरी बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून तिचा फोटो लावला. दोन मिनिटांचं काम. कोणीतरी म्हणालं, आता बाई घरी आली. मी मान हलवली. त्या घरात तिच्यासाठी ठोकलेला तो पहिला खिळा.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या दिवशी पंगती उठल्यावर हर्षाली भांडी पुसत होती. तुमच्या पुण्याच्या खोलीत भांड्यांना एक फळी हवी, म्हणाली. तू तिच्याकडे न बघता म्हणालास, "बिऱ्हाडात कशाला?" शब्द माझेच होते, आवाजसुद्धा. चार लोकांत मला बोलता आलं नाही. तिची फळी लाव. या रविवारीच लाव.

लिहिता लिहिता मध्येच उठून पुतळाबाईंकडून हातोडी आणली. आरसा भिंतीला लावला, आईच्या उंचीला. मग दाढी केली. वाकावं लागलं.

तुझाच,
नाना