मागच्या जमिनीची टाळी

देसाईगंज (वडसा)
९ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानी,

तुझ्या धनराजमामाचे आशीर्वाद. इकडे आम्ही सारे बरे आहोत. मामीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण मामीपेक्षा कमी. तुझी आई परवा ब्रह्मपुरीहून आली होती. नवे तांदूळ आणि तुझ्याबद्दलच्या तक्रारी, दोन्ही उतरवून गेली. पोट्टी एम.एस्सी.ला काय गेली, फोनच उचलत नाही म्हणते. मी फोनऐवजी पत्र लिहून राह्यलो, कारण नाटकाच्या दिवसांत आमच्या कंपनीत गलका फार, आणि तुमच्या नागपूरच्या हॉस्टेलचं नेटवर्कही काही धड नाही.

दिवाळी ते होळी म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. आज या गावच्या मंडईच्या जत्रेत नाटक, उद्या त्या गावच्या. याच मंडयांत तुझ्या मामानं फल्ली-फुटाणे विकले, मग भाड्यानं भोंगे लावले, आणि भोंग्यांपाशी उभं राहून राहून नाटक शिकला. आज कंपनी चालवतो ती कानाच्या भरवशावर. पेटीचा सूर जरा उतरला की मला कळते. पडद्याआड उभा राहून टाळी ऐकली की कोणता नट पुढच्या साली चालेल ते सांगतो. वडशातले बाकीचे कंपनीवाले मला विचारायला येतात.

आता कामाचं. आमच्या रंभाबाईंना तू लहानपणापासून पाहते आहेस. आईची भूमिका त्यांचीच आणि शेवटचं गाणंही त्यांचंच. दिव्यानी, त्या गाण्याला आता टाळी पडत नाही. खलनायक नुसता खोकलला तरी मांडव दणाणतो, आणि बाई एवढं गातात तर शांतता. पुढच्या सालासाठी मी रंजीता नावाची आरमोरीची एक मुलगी पाहून ठेवली आहे. पण वीस वर्षं सोबत असलेल्या बाईला तोंडावर कसं सांगायचं?

तर तुझं ते आकड्यांचं शास्त्र आहे ना, सांख्यिकी, ते घेऊन जानेवारीत ये. खुर्च्यांवरच्या चार जाणत्या माणसांना विचार, टक्के काढ, कागदावर मांड. म्हणजे मी म्हणेन, बाई, मी नाही, आकडे म्हणतात. निकाल मला माहीत आहे, तू फक्त शिक्का मार.

येताना मफलर आण. रात्रीच्या दवानं मांडवाची कनातसुद्धा गारठते.

तुझा,
धनराजमामा


देसाईगंज
११ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानी,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस, तुझ्या आईनं कळवलं. कंपनी काल आलापल्लीकडून परत आली. प्रयोग चांगला झाला. तबल्यावरचा दसरू रोज विचारतो, "भाचीबाई कवा येतेत जी?" तू शिकवलेला एकच शब्द त्याच्या डोक्यात बसला आहे आणि त्याची त्यानं शिवी करून टाकली. ड्रायव्हरला उशीर झाला की ओरडतो, "कुठी होतास रे यादृच्छिका!" मी समजावलं, अरे, त्याचा अर्थ चिठ्ठी टाकून निवडलेला, कोणाच्या मर्जीनं न निवडलेला. तो म्हणाला, "मंग बरोबरच हाये. याले कामावर असाच घेतला हाय तुमी."

हसलीस ना? आता थोडं सरळ लिहितो.

तू आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडलीस. मी म्हटलं, खुर्चीवाल्यांना विचार, त्यांना नाटक कळते. तू म्हणालीस, "मामा, खुर्चीवाल्यांले विचारलं त खुर्चीवाल्यांचंच समजन. मागं जमिनीवर बसले ते कोण हायेत?" बरं, म्हटलं, गावं तरी मी निवडतो. त्यावर तू म्हणालीस, "तुमी निवडान ते तुमच्या दोस्ताचं गाव." मग जानेवारीच्या साऱ्या गावांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्यास. त्यांतून एक गाव चिमूरकडचं निघालं, एक आरमोरीच्या पुढचं, आणि एक असं, की ज्या गावाचं मी पाणीसुद्धा पीत नाही. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालीस, "हेच त पाह्यजे."

तिकिटांचंही तसंच. शेवटचा आकडा ठरवायला चिठ्ठी उचलली, सात निघाला. मग ज्याच्या तिकिटाच्या शेवटी सात, त्याला दारात थांबवून एकच प्रश्न: पुढच्या साली या कंपनीचं नाटक कोणासाठी पाहाल? सरपंच असो की कोणी माय, सात असला की थांबवायचं. मला तो पोरखेळ वाटला होता.

पहिल्या गावात निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, ते गाणं म्हणणारी माय. मी म्हटलं, "हे गावच येडं हाये." वाटलं होतं, तू माझ्या अंगावर येशील. तू शांतपणे म्हणालीस, "असू शकते, मामा. हे आत्ता फक्त वर्णन हाये. ज्यांले विचारलं, ते काय बोलले, तेवढंच. त्यावरून साऱ्या गावाबद्दल बोललं का ते झालं अनुमान, आन अनुमान सांगतानी चूक किती होऊ शकते तेबी सांगा लागते. झाडीपट्टीबद्दल त मी आत्ता तोंडच उघडत नाई."

गाडीत बसल्यावर ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. तीस वर्षं मी एका टाळीवरून साऱ्या झाडीपट्टीचं भविष्य सांगत आलो. माझ्या कानाला जे वर्णन वाटलं ते अनुमान होतं, आणि त्यात चूक किती, हे मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही.

सारी गावं झाल्यावर तू म्हणालीस, "शंभरातले पंचावन्न ते पासष्ट लोक रंभाबाईसाठी येतीन, बहुतेक."

"बहुतेक म्हंजे काय व?"

"म्हंजे पैज लावता येते, मामा. शपथ घेता येत नाई."

मी तरी हटलो नाही. मग टाळी कुठी गेली, म्हटलं. तेव्हा तू चिमूरकडच्या त्या बाईचं सांगितलंस. मांडीवर झोपलेलं लेकरू, हात चादरीत. गाणं आवडलं त टाळी काऊन नाई वाजवली, असं तू विचारलंस आणि ती तुझ्यावरच खेकसली, "वाजवून पाय बाप्पा तू! पोट्टं उठलं त गाणं म्हनाले तू येशीन का?" म्हणजे खुर्चीवरचे बाप्ये खलनायकाला टाळ्या देतात, त्या मला जवळून ऐकू येतात. रंभाबाईंची माणसं सारी मागं, आणि त्यांतल्या निम्म्यांचे हात अडकलेले.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पुढचं आरमोरीच्या चहाच्या टपरीवरचं. तिथं तू होतीस, तुला सांगायची गरज नाही. पण मला ते एकदा स्वतःच्या हातानं लिहायचं आहे.

तू मोबाइल टेबलावर ठेवलास, माझ्या डाव्या हाताला. म्हणालीस, "मामा, मागच्या जमिनीवरून रेकॉर्ड केलं. ज्यांचे हात मोकळे होते त्यांची टाळी आयका." गाणं संपलं. मी वाट पाहिली.

"कोणती टाळी?" मी विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. दसरू चहाच्या कपात पाहत होता. रंभाबाई समोर बसल्या होत्या. त्या उठल्या, मोबाइल उचलला, माझ्यामागून फिरून आल्या आणि उजव्या हाताला ठेवून परत लावला. तेव्हा ऐकू आली. किती वेळ वाजत होती, दिव्यानी!

मग बाई म्हणाल्या, "धनराजभाऊ, तुमाले डाव्या कानानं आयकू येत नाई हे साऱ्या कंपनीले मालूम हाये. तुमाले सोडून."

मला वाटे, सगळे माझ्या उजव्या हातालाच येऊन का बसतात? मानानं बसत असतील. जेवणावळीत, गाडीत, तालमीत, सगळे उजवीकडे. मी मनात खूश होतो की मालकाचा काय दरारा आहे! आणि ही माणसं मला कमीपणा येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं जागा बदलत होती. पडद्याआड माझा डावा कान लोकांकडे असतो, हेही त्यांना माहीत होतं. मी टाळीचं भाकीत सांगितलं की ते माना डोलवत. त्यांच्यावर रागवावं असं ठरवलं होतं, जमलं नाही.

तू गेल्यावर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा गेल्यातच जमा आहे आणि उजवाही बारीक आवाज गाळतो. तरुणपणी भोंग्यांपाशी उभा राहिलो त्याचं हे फळ. मागच्या पत्रात मी गलक्याचं आणि नेटवर्कचं लिहिलं होतं. गलका नव्हता आणि तुमचं नेटवर्कही बरं होतं. तुझा बारीक आवाज मला फोनवर लागत नाही. "हं, हं" करून मी तुझी बरीच बोलणी सोडून दिली आहेत. त्यांत काही महत्त्वाचं असेल तर परत सांग. कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात येईल.

आता रंभाबाईंचं.

हे मोजणं कशासाठी चाललं आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं, तुला माहीत आहे. आकड्यांच्या आडून बोलायचं असं मी ठरवलं होतं, आणि आकडे माझ्या बाजूनं आले असते तर तो कागद त्यांच्यापुढं सरकवून मी खाली मान घालून बसलो असतो. आता तर सांगायचीही गरज उरली नव्हती. तरी परवा दुपारी आलापल्लीत त्या साड्या वाळत घालत होत्या, तिथं गेलो. त्यांनीच विचारलं, "दिव्यानी हे कायसाठी मोजून राह्यली होती जी?"

म्हटलं, "तुमचं नाव कापाले मीच मोजाले लावलं होतं."

त्यांनी साडीचं टोक झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला.

"मंग, कापलं?"

"नाई."

"मले वाटलंच होतं, कायतरी हाये. दोन महिने झाले, तुमी माह्या डोळ्याले डोळा देत नव्हते." दुसरी साडी उचलली. "त्या आरमोरीच्या पोरीले माह्या लेकीची भूमिका द्या. आवाज हाये तिले, दम नाई. मी शिकवीन तिले. आन आता उभे काऊन राह्यले? ते टोक धरा."

मी टोक धरलं. ओली साडी जड असते. दोघांनी पिळून वाळत घातली. त्या माझ्या उजव्या बाजूनं बोलत होत्या, काहीतरी मीठ-मसाल्याचं, आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

पोरी, मी तुला शिक्का मारायला बोलावलं होतं. तू मारला असतास तर मामा खूश झाला असता, एक बाई घरी बसली असती, आणि आपण काय केलं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. जेवढं कळलं तेवढंच बोलायचं आणि पुढं किती चुकू शकतो तेही सांगायचं, एवढं तू धरून राहिलीस, तेही मामासमोर. हे कोणी शिकवलं तुला? कॉलेजनं शिकवलं असेल तर त्या सरांना माझा नमस्कार सांग.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून पडत आलो, रीत होती म्हणून. आज या कागदावर वाकतो आहे तो मनापासून.

तुझ्या पाया पडतो, माय.

धनराजमामा