धुतलेल्या काचा

हिनकल, म्हैसूर
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौम्या,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. फोनवर जमेना म्हणून कागद घेतला. खालच्या घरातली नव्या परवा म्हणाली, "अज्जी, आमच्या कॉलेजात सगळे खंडोजीरावांसारखेच फोटो काढायला बघतात." जिवंतपणी ह्याच गावानं तुझ्या बाबांना वेड्यात काढलं. त्यांच्याकडून पासपोर्टचे फोटो काढून घ्यायचे आणि पाठ वळली की टिंगल करायचे.

बाबांवरच्या तुझ्या पुस्तकाची पानं वाचली. छान लिहिलंयस. एक ओळ मात्र काढ. 'उरलेल्या तीनशे काचा धाकट्या भावाच्या हलगर्जीपणामुळे नष्ट झाल्या', ही. शंभूकाकांनी काही केलेलं नाही.

त्या काचा मी धुतल्या.

जुन्या गिऱ्हाइकांच्या निगेटिव्हच्या काचा आपण सोड्याच्या कढत पाण्यात साफ करायचो आणि काका त्या देवांच्या फ्रेमला लावायचे, तुला आठवत असेल. बाबांचं तेरावं झाल्यावर त्यांची पेटी उघडली. एकेक काच उजेडाला धरली. सगळ्यांत मीच. अंग माझं, साडी माझी, आणि तोंडाच्या जागी कुठं किटली, कुठं कुलूप, कुठं कोंबडं. बाबा दोन काचा एकावर एक ठेवून तिसरीवर उतरवायचे. लोक आज त्याला प्रतिभा म्हणतात, असेलही. मला संताप आला. सव्वीस वर्षांच्या संसारात माझा एक धड फोटो नाही गं. तीन दिवस घासत बसले.

गिऱ्हाइकांच्या म्हणून काकांना दिल्या. एकीच्या कोपऱ्यात माझ्या लग्नातल्या साडीचा काठ राहिला होता. तो बघून ते समजले. तू हॉस्टेलवरून आलीस, रडत विचारलंस, आणि माझ्या तोंडून निघालं, "काकांना विचार." ते म्हणाले, "हो, माझ्याच हातून झालं." तेवीस वर्षं तू त्यांची पायरी चढली नाहीस आणि मी सुम्मने, गुपचूप बघत राहिले. भित्री, दुसरं काय.

आता त्यांना दिसत नाही. तुझी पानं वाचून दाखवा म्हणाले. त्या ओळीपाशी मी थांबले. ते म्हणाले, "वैनी, असू दे. पोरीचं पुस्तक आहे, वाचा."

मी वाचली, सौम्या. ती ओळही वाचली.

छापायला जायच्या आत तिथं माझं नाव घाल. आधी काकांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझी आई,
वनजा