पेकानच्या झाडाखालची जागा

परमेश्वराला साक्षी ठेवून मी, इओला मे स्टॅलवर्थ, वय वर्षे एक्क्याऐंशी, कै. क्लीव्हन स्टॅलवर्थ यांची पत्नी, शिक्षण शालान्त, काम घरचे, राहणार टॉलिव्हर विद्यापीठाच्या उत्तर फाटकासमोर, ओकमंट, अलाबामा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची तशी खात्री डॉक्टर देत नाहीत. परवा शनिवारी मी जिथे जाऊन बसणार आहे तिथे बसू नका, असे त्यांनी बजावले आहे. मी बसणार आहे. म्हणून आज गुरुवारी दुपारी शेजारच्या, आमच्या चर्चमधल्या सिस्टर ओझेला क्रम आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले मिस्टर लूथर बॅग्ज यांना स्वयंपाकघरात बसवून हे लिहिते आहे. बायबलमध्ये ठेवलेले जुने मृत्युपत्र रद्द समजावे.

१. मला माउंट नेबो चर्चच्या दफनभूमीत क्लीव्हनच्या डाव्या बाजूला ठेवावे. नवीन कपडे घेऊ नयेत. चर्चमध्ये दारावर येणाऱ्यांना जागा दाखवायला उभी राहायचे तेव्हाचा पांढरा पोशाख कपाटात आहे, कॉलर उलटून शिवली आहे, ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि तेव्हा जवळून कोणी पाहणार नाही. प्रवचन वीस मिनिटांत संपवावे.

२. बँकेत जे असेल ते माझी मुलगी डोरेथा, राहणार डेट्रॉइट, हिला द्यावे. घरखर्चाच्या वह्याही तिलाच. तिने त्या वाचून रडत बसू नये, जुने ते जुने.

३. केक भाजायचे जड भांडे नणंद हेस्टर हिला. क्लीव्हनचा मांसावरचा रस्सा बाटलीतला असतो असे तिने १९८७ साली भर गर्दीत सांगितले होते. मी क्षमा केली आहे. विसरलेले नाही.

४. तेलाचे पिंप उभे कापून क्लीव्हनने केलेली शेगडी, लांब चिमटे, मासे तळायची कढई, हे सर्व विद्यापीठाच्या बॉयलरघरात आज काम करणाऱ्या माणसांना द्यावे. क्लीव्हनने तिथे चौतीस वर्षे काढली. दर ऑक्टोबरात जुने विद्यार्थी परत येतात, त्या मेळ्याच्या शनिवारी सगळ्या इमारती उबदार राहिल्या त्या त्याच्यामुळे, पण मैदानात त्याला खुर्ची नसे. १९६८ साली त्या दिवशी मिसिसिपीची एक मुलगी बॉयलरघराच्या पायरीवर कोरडी बिस्किटे खात बसली होती. सगळ्यांच्या घरची माणसे आली होती, तिचे कोणी आले नव्हते. क्लीव्हनने तिला हाताला धरून फाटकाच्या आतल्या पेकानच्या झाडाखाली मांडलेल्या आमच्या जेवणाच्या टेबलाकडे आणले. मुलगा आल्टन तेव्हा माझ्या पोटात होता. तेव्हापासून आमच्या टेबलाचा एकच नियम आहे. पहिले ताट ज्याचे कोणी आले नाही त्याचे. मग आमचे. एकही ताट कधी विकलेले नाही.

५. ती झाडाखालची जागा. इथे मिस्टर बॅग्ज यांनी मला अडवले.

"इओला, जी जागा तुझी नाही ती तू देतेस कशी?"

"चोपन्न वर्षं बसतेय मी तिथं."

"बसून जमीन नावावर होत नाही."

"मग उठवून दाखवा म्हणावं."

सिस्टर क्रम म्हणाल्या, "परवा तेच तर करणार आहेत."

ते खरे आहे. म्हणून जागा कोणाला देत नाही. तिथे काय चालत होते एवढेच लिहून ठेवते.

६. आता घर. हे घर माझा मुलगा आल्टन याचे व्हावे अशी आम्हा दोघांची इच्छा होती. बॉयलरवाल्याचा मुलगा म्हणून तो टॉलिव्हरला फुकट शिकला आणि आज तिथेच उपाध्यक्ष आहे. विद्यापीठाला दीडशे वर्षे झाली त्या समारंभाची व्यवस्था त्याच्याकडे आहे. गेल्या महिन्यात मला त्याच्या सहीचे पत्र आले. झाडाखालची सगळी जागा निमंत्रितांच्या तंबूसाठी हवी आहे, बाकीच्यांनी मैदानामागच्या गाड्यांच्या आवारात जावे, तिथे तिकीट लागेल, शनिवारी सकाळी नऊनंतर जो झाडाखाली दिसेल त्याला विद्यापीठाचे पोलीस हलवतील. त्याने ते टपालाने पाठवले होते. रस्ता ओलांडून आला असता तर टपालाचे तिकीट वाचले असते.

म्हणून घराला अट घालते. शनिवारी मला तिथून उठवायचे झाले तर ते आल्टनने स्वतःच्या हाताने करावे. तो आला आणि त्याने मला उचलले, तरी घर त्याचे. तो आला आणि उचलले नाही, तरी घर त्याचे. त्याने दुसऱ्या माणसाला पाठवले, तर घर माउंट नेबो चर्चचे. आणि त्या गडबडीत माझे काही बरेवाईट झाले, तर कोणीही, विशेषतः हेस्टरने, माझ्या मुलाला दोष देऊ नये.

इथपर्यंत लिहिले आणि आल्टन मागच्या दाराने आला. गळ्यात ओळखपत्र, सदरा घामाने भिजलेला. काय बोलणे झाले ते लिहून ठेवते, साक्षीदारांनी ऐकले आहे.

"आई, झाडाखालच्या बाकी सत्तावीस कुटुंबांनी ऐकलं. तू एकटी उरलीस."

"त्या सत्तावीस घरांत तू जन्मला नाहीस."

"त्या तंबूत जे बसणार आहेत ना, त्यांच्या देणगीतून नवं वसतिगृह होणार आहे. चारशे मुलं राहतील. ज्यांचं कोणी नाही तीच मुलं. तुझीच."

"आणि शनिवारी त्यांनी जेवायचं कुठं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"त्याच एका दिवशी कळतं, कोणाचं कोणी नाही ते."

सिस्टर क्रम म्हणाल्या, "आल्टन, आधी काहीतरी खा. तोंड बघ कसं उतरलंय." तो बसला नाही. मी कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने सहावे कलम उभ्यानेच वाचले. दोनदा वाचले.

"हे काय लिहिलंयस?"

"वाचता येतं तुला. बापानं बॉयलर तापवून शिकवलंय."

"मी उचलू तुला? सगळ्यांच्या देखत?"

"मग कोणी उचलावं? तुझ्या पगारी माणसानं?"

"माझी नोकरी आहे ही, आई. वरून फोनवर फोन येतायत. तुझी आई तुझं ऐकत नसेल तर तू समारंभ काय सांभाळणार, म्हणतात."

"त्यांना सांग, ती मुलाचं ऐकते. पत्राचं ऐकत नाही."

"आणि तुझ्या हृदयाला काही झालं तर?"

"तर माझ्याजवळ माझा मुलगा असेल."

त्याने खिडकीतून समोर पाहिले. तिथे तंबूचे खांब उभे करत होते. मग म्हणाला, "फाटकाला उद्या संध्याकाळपासून कुलूप आहे. तू आत येणारच कशी?"

"ते माझं मी बघेन."

"एक्क्याऐंशीव्या वर्षी कुंपण चढणार आहेस?"

मी कागद परत माझ्याकडे ओढला. त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला नाही, माझ्या डोक्याला ओठ लावले आणि मागच्या दाराने निघून गेला.

तो जिथे उभा होता तिथे, टेबलाच्या कडेला, पितळी किल्ली पडली होती. तिच्या पट्टीवर उत्तर फाटक असे लिहिलेले होते.

मिस्टर बॅग्ज म्हणाले, "विसरला वाटतं. हाक मारू का त्याला?"

मी म्हणाले, "लूथर, सही करा."

वर लिहिलेले सर्व मी माझ्या मर्जीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिले आहे. सहाव्या कलमातील एकही शब्द खोडलेला नाही.

सही : इओला मे स्टॅलवर्थ

वरील सही आमच्यासमोर झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. ओझेला क्रम
२. लूथर बॅग्ज

स्थळ : ओकमंट, अलाबामा
दिनांक : २० ऑक्टोबर २०२२